जिथे जिथे धुळे

एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीसारखी दिसते, म्हणून ती तीच आहे असं समजायचं का, हा प्रश्न मुळात तत्त्वज्ञांचा. बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या बी. कॉम. माणसाने त्यात पडू नये. आम्हाला कॉलेजात जमाखर्च शिकवला, घसारा शिकवला, शिल्लक मालाचं मूल्यांकन दोन-तीन रीतींनी शिकवलं. सत्याचं मूल्यांकन कुणी शिकवलं नाही. बहुधा ते ऐच्छिक विषयांत असावं आणि त्या वर्षी प्राध्यापक मिळाले नसावेत. पण आमचा जिल्हाच असा आहे, की इथे राहणाऱ्याला हा प्रश्न चुकवता येत नाही.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी जन्मला. त्याआधी आम्ही धुळे जिल्ह्यात होतो आणि त्याच्याही आधी पश्चिम खानदेशात. माझ्या आजोबांच्या दाखल्यावर जिल्हा पश्चिम खानदेश आहे. वडिलांच्या कागदांवर धुळे आहे. माझा दहावीचा दाखला धुळे जिल्ह्यातला आणि बी. कॉम.चा नंदुरबारचा. एवढे जिल्हे हिंडून आलेलं आमचं घर मात्र पायापासून कौलापर्यंत एक इंचही हललेलं नाही. नवापूरला जा, तिथे तर रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या बाकड्याच्या मधोमध सीमारेषा जाते. नवरा महाराष्ट्रात आणि बायको गुजरातेत बसून एकाच कागदातली भजी खातात. बाकडं एकच, भजीही एकच. राज्य कुठलं लिहायचं ते भजी खाणाऱ्याने ठरवावं.

तर अशा जिल्ह्यात, आमच्या शाखेत (बँकेचं नाव सांगत नाही, मला अजून तिथेच नोकरी करायची आहे) एके दिवशी पुण्याहून एक इंजिनिअर मुलगा आला. वय बावीस-तेवीस. पाठीवर पिशवी, कानात बोंडं. नवा सर्व्हर आला होता आणि पासबुकं, पावत्या नि पत्रं छापणाऱ्या यंत्रणेच्या सेटिंगच्या फायली त्याला दुरुस्त करायच्या होत्या. सेटिंगची फाइल म्हणजे काही फार गूढ प्रकरण नव्हे. एका ओळीत डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत. शाखा बरोबर अमुक. कागदाची लांबी बरोबर तमुक. ज्या ओळीच्या सुरुवातीला चौकटीची फुली मारलेली असते ती ओळ यंत्र वाचतच नाही. ती तिथे असते, दिसते, पण तिचं कुणी ऐकत नाही. आमच्या ऑफिसातही अशा दोन-तीन ओळी आहेत. त्या आणखी चार-पाच वर्षांनी निवृत्त होतील.

ह्या फायली ज्या कपाटात ठेवतात, त्याचं नाव मला फार आवडलं. लिनक्स नावाच्या यंत्रणेत सगळ्या कारभाराच्या सेटिंगा ‘ईटीसी’ नावाच्या फोल्डरात असतात. ईटीसी म्हणजे एट सेटेरा, म्हणजे आपलं ‘वगैरे’. एवढ्या मोठ्या यंत्राचं सगळं वागणं जिथून ठरतं, त्या जागेचं नाव वगैरे! आमच्या घरातही महत्त्वाचे कागद शेवटी ‘इतर’ लिहिलेल्या पिशवीतच सापडतात, त्यामुळे मला त्या मुलाबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

“सर, तुमच्या फायलींत सगळीकडे अजून जिल्हा धुळेच आहे,” तो म्हणाला. “पंचवीसहून जास्त वर्षं झाली की! एका कमांडमध्ये सगळं बदलून टाकतो. दोन सेकंदांचं काम.”

दोन सेकंदांत जिल्हा! आम्हाला तो मिळायला १९९८ साल उजाडावं लागलं.

त्याने मला ती कमांड दाखवली. तिचं नाव सेड. बेल लॅबोरेटरीत ली मॅकमहन नावाच्या गृहस्थाने १९७३-७४ च्या सुमारास ती लिहिली, आणि अजून जगभर रोज राबते आहे. आमच्या बँकेत त्या काळातला फक्त एक पंखा राबतो आहे. सेडची रीत अशी, की फाइल वरून खाली वाहू द्यायची. एकेक ओळ समोर आली की हुकमाप्रमाणे तिला बदलायचं आणि पुढे सोडायचं. काउंटरवरची रांगच म्हणा ना. हुकूमही छोटासाच. एस हे अक्षर, मग तिरकी रेघ, मग जुना शब्द, तिरकी रेघ, नवा शब्द, तिरकी रेघ. संपलं. म्हणजे, जिथे धुळे दिसेल तिथे नंदुरबार कर.

“थांब,” मी म्हटलं. “आपलं विभागीय कार्यालय धुळ्याला आहे. तेही नंदुरबारला येईल.”

“फाइलमध्ये येईल सर. खरं थोडंच येणार आहे?”

त्याला आमची बँक माहीत नव्हती. आमच्याकडे जे फाइलमध्ये येतं तेच खरं असतं. उद्या फाइलमध्ये विभागीय कार्यालय नंदुरबारला आलं, तर परवा आमच्या साहेबांचा प्रवासभत्ता नामंजूर होईल. त्यांचा बारकासा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला.

मग आम्ही दोघं ती फाइल बघू लागलो, आणि मला त्या खेळाची गोडी लागली. एका ओळीत पत्ता होता, ‘साक्री रोड, धुळे, जि. धुळे’. सेड सांगितल्याशिवाय एका ओळीतला पहिलाच शब्द बदलतो. सगळे बदलायचे तर शेवटी जी हे अक्षर जोडावं लागतं. जी न जोडता चालवलं असतं, तर साक्री रोड नंदुरबारला आला असता आणि जिल्हा धुळेच राहिला असता. म्हणजे एक अक्षर विसरलं की आम्ही सरळ १९९८ च्या मागे. आणि जी जोडलं, तर रस्त्यासकट गाव उचलून आमच्या अंगणात. एका कर्जदाराचं आडनाव धुळेकर होतं. त्याला विचारल्याशिवाय आम्ही नंदुरबारकर करून टाकणार होतो. उलट, एका पत्राच्या मसुद्यात ‘धुळ्याच्या कार्यालयास’ असं होतं, त्याला हात लागणार नव्हता. कारण विभक्ती लागली की आपलं धुळे धुळ्या होतं, आणि यंत्र म्हणतं, हा कोण धुळ्या? मी ओळखत नाही. मराठी व्याकरणाने शाळेत माझं फार नुकसान केलं होतं; ते एवढ्या वर्षांनी असं कामाला आलं.

संध्याकाळी मी ही हकिगत आमच्या गल्लीतल्या गुरुजींना सांगितली. गुरुजी संस्कृतचे निवृत्त शिक्षक. त्यांना निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण शिकवण्यातून ते निवृत्त झाले नाहीत, फक्त पगार थांबला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं नि सुपारी कातरत विचारलं, “गाय म्हणजे काय?”

मी गप्प बसलो. गुरुजींच्या प्रश्नाला उत्तर देणं म्हणजे दुसरा प्रश्न ओढवून घेणं.

“शिंगं असतात ती गाय, असं म्हटलंस तर म्हैस आत शिरते. ही अतिव्याप्ती. तांबूस रंगाची ती गाय म्हटलंस तर पांढरी गाय बाहेर राहते. ही अव्याप्ती. आणि एका खुराची ती गाय म्हटलंस, तर अशी गाय जगात एकही नाही. हा असंभव. अन्नंभट्टाने सतराव्या शतकात तर्कसंग्रह लिहिला, त्यावर स्वतःच टीका लिहिली, तिच्यात हे दोष समजावून दिले आहेत. तुझा धुळेकर म्हणजे म्हैस आत शिरली. तुझं धुळ्याच्या म्हणजे गाय बाहेर राहिली. तुझ्या त्या पोराला सांग, जिथे धूर तिथे विस्तव हे खरं. जिथे जिथे धुळे तिथे तिथे नंदुरबार, हे खरं नव्हे.”

दुसऱ्या दिवशी मी हे त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “सर, आमच्याकडे ह्याला फॉल्स पॉझिटिव्ह आणि फॉल्स निगेटिव्ह म्हणतात. पण अतिव्याप्ती भारी आहे.” आणि त्याने तो शब्द मोबाइलमध्ये लिहून घेतला.

खरं म्हणजे हा रोग एकट्या धुळ्याचा नाही. १९९५ साली इंग्रजीतल्या बॉम्बेचं मुंबई झालं, पण उच्च न्यायालय इंग्रजीत अजून बॉम्बेच आहे आणि पवईचं आयआयटीही. तिथे कुणी सरसकट सेड चालवला नाही. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर २०२३ साली झालं; पण बिहारातही एक औरंगाबाद जिल्हा आहे. कुणी उत्साही कारकुनाने देशभराच्या यादीवर एकच हुकूम सोडला, तर बिहारातली सबंध जनता रात्रीतून मराठवाड्यात येईल, आणि त्यांना रेशनकार्ड देता देता आपल्या तहसीलदारांचे हाल होतील. इंग्लंडात स्कनथॉर्प नावाचं गाव आहे. १९९६ साली एका बड्या अमेरिकन कंपनीच्या यंत्राने त्या गावच्या लोकांना खातीच उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या इंग्रजी नावाच्या पोटात चार अक्षरं अशी लागोपाठ आली आहेत, की ती सभ्य घरात मोठ्याने वाचत नाहीत. हजारो लोक शिष्टपणे राहत होते. यंत्राने मधली चार अक्षरं बघितली नि दार लावून घेतलं.

इथपर्यंत सगळी गंमत होती. पण त्याच आठवड्यात धडगावकडचे एक म्हातारे बाबा आले, आणि माझी गंमत जरा ओसरली. धडगाव म्हणजे आमच्या जिल्ह्याचा सातपुड्यातला तालुका. सरकारी कागदावर अक्राणी. (बघा, इथेही दोन नावं.) बाबा भल्या पहाटे निघून, जीप आणि एसटी बदलत आले होते. त्यांचं सरकारी अनुदान अडकलं होतं. खात्याला आधार जोडल्याशिवाय पैसे यायचे नाहीत, आणि नाव जुळल्याशिवाय आधार जोडायचं नाही. आडनाव पावरा. इंग्रजीत पावरा लिहिताना कुणी व्ही घालतो, कुणी डब्ल्यू घालतो, कुणी मध्ये एक ए जास्त घालतो. शाळेतल्या मास्तरांनी एक घातला, आमच्या बँकेने दुसरा, आधारवाल्याने तिसरा. बाबांनी स्वतः यातलं एकही अक्षर घातलेलं नाही. ते अंगठा लावतात. आणि तो अंगठासुद्धा शेतात झिजून इतका गुळगुळीत झालेला, की यंत्र त्यालाही ओळखत नाही.

इथे सांगायला हवं, की देशातला पहिला आधार क्रमांक आमच्याच जिल्ह्यात दिला गेला. शहादा तालुक्यातलं टेंभली गाव, तारीख २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान आले होते. ‘मी म्हणजे मीच’ हे सांगणारा क्रमांक जिथे पहिल्यांदा वाटला, त्याच जिल्ह्यात एक म्हातारा ‘मी म्हणजे मीच’ हे सिद्ध करायला दिवसभर हिंडतो.

“बाबा, कॉम्प्युटर म्हणतो तुम्ही दोन वेगळी माणसं आहात,” मी म्हटलं.

बाबांनी थोडा विचार केला. “दोन असतो तर एक इथे आला असता. दुसरा शेतात राहिला असता,” ते म्हणाले. “शेत तसंच पडलंय.”

ह्या युक्तिवादात मला कुठलाही दोष दिसला नाही. अन्नंभट्टालाही दिसला नसता.

इंजिनिअर मुलगा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, सोपं आहे. शब्दाऐवजी नमुना लिहायचा. चौकोनी कंसात व्ही आणि डब्ल्यू दोघांना बसवायचं, म्हणजे त्यांतला कुणीही आला तरी चालतो. जास्तीच्या ए पुढे प्रश्नचिन्ह ठेवायचं, म्हणजे तो असला तर असो, नसला तर नसो. मी चकितच झालो. मला वाटत होतं यंत्र कठोर असतं. यंत्र कठोर नसतं. त्याला जेवढी दयामाया लिहून द्याल तेवढी ते इमानाने वापरतं. लिहिणाऱ्याने दिलीच नाही, तर ते बिचारं कुठून आणणार?

“मग सगळ्यांनाच हे लाव,” मी उत्साहाने म्हटलं.

तेव्हा त्या मुलाने, वयाला न शोभणाऱ्या शांतपणाने, पडद्यावर तो नमुना चालवून दाखवला. बाबांच्या गावातून दोन नावं निघाली. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच. एकात व्ही, एकात डब्ल्यू. पण माणसं दोन. ह्या वेळी खरोखरच दोन.

आता आली का पंचाईत! नमुना आवळला, तर बाबा स्वतःच्याच पैशांना मुकतात. सैल सोडला, तर एकाचं अनुदान दुसऱ्याच्या खात्यात, आणि तो दुसराही तितकाच गरीब. यंत्राला दोन्ही सारखंच. आणि मला असं वाटतं, की कडक नियम करणारा आणि सैल नियम करणारा, दोघांनाही रात्री झोप लागते ती ह्यामुळे, की त्यांतल्या कुणालाच बाबा दिसत नाहीत. त्यांना ओळी दिसतात. काउंटरवरच्या माणसाला ही सोय नाही. त्याच्या समोर जाळीपलीकडे माणूस उभा असतो आणि त्याची परतीची एसटी चारला असते.

मी बाबांना विचारलं, “तुमच्या गावात तुमच्याच नावाचा आणखी कोणी आहे का?”

“आहे ना. तो वरच्या पाड्यावर. माझ्या दाराशी महू आहे. त्याच्या दाराशी नाही.”

झालं! गावाला वर्षानुवर्षं पुरलेली खूण. आमच्या अर्जात महूच्या झाडासाठी रकाना नाही, एवढाच काय तो फरक. मी जुनं खातं उघडल्याचा कागद काढला. त्यावर बाबांचा तरुणपणीचा फोटो होता, कानाजवळची जखमेची खूण होती. बाबांनी कान पुढे केला. नावदुरुस्तीचा अर्ज भरला, दोन्ही नावं एकाच इसमाची असल्याचं लिहून घेतलं, साहेबांची सही घेतली. ह्या सगळ्याला चाळीस मिनिटं लागली. मागच्या रांगेने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तोही सरसकट, कुठल्या पिढीचा काय दोष होता, हे कुणी तपासलं नाही.

माझं त्या सेडशी खरं भांडण मात्र निराळं आहे, आणि ते वाणिज्य शाखेचं आहे. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं, की वहीत चुकीचा आकडा पडला तर खोडायचा नाही, रबर लावायचं नाही. त्यावर एक रेघ मारायची, अशी, की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची. चूक झाली ही लाज नाही, चूक दिसेनाशी केली ही लाज. सेडला आय हे अक्षर दिलं, की तो मूळ फाइलच जागच्या जागी बदलतो. रेघ नाही, सही नाही. काल काय होतं ते कुणाला कळायचं नाही. उद्या कोणी विचारलं, ‘ह्या धुळेकरांचं नंदुरबारकर कोणी केलं?’ तर कोणीच केलेलं नाही. मुलगा म्हणेल, कमांडने केलं. कमांड म्हणेल, मला जसं सांगितलं. सांगणाऱ्याने ती ओळ बघितलेलीच नाही. आमच्या देशात पुष्कळ कामं अशीच होतात, पण त्यासाठी निदान एक समिती नेमावी लागते.

हे मी बोलून दाखवलं, तर मुलगा म्हणाला, “सर, त्याची सोय आहे.” आयच्या पाठीमागे एक शेपूट लावलं की तो जुन्या फाइलची प्रत बाजूला ठेवून मगच नवी करतो. आणि आय दिलंच नाही, तर तो फाइलला हात न लावता बदल नुसता पडद्यावर दाखवतो. त्याहूनही आधी, ग्रेप नावाचा सेडचा भाऊ आहे. त्याला शब्द द्यायचा. तो शब्द असलेल्या ओळी तेवढ्या वेचून समोर मांडतो, काही बदलत नाही. माझी आई तांदूळ परातीत पसरून निवडायची तसं. खडा दिसला की लगेच फेकायची नाही. बोटाने बाजूला सारायची, पुन्हा बघायची, कारण कधीकधी तो खडा नसून न सडलेलं भात असायचं.

मग आम्ही तसंच केलं. मी त्याला तालुके लिहून दिले. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, एवढे सहा आमचे. धुळे, साक्री, शिरपूर आणि शिंदखेडा, हे चार धुळ्याचे. त्यांना हात लावायचा नाही. सेडला असं सांगता येतं, की आधी ओळीत हा तालुका आहे का ते बघ, आणि असला तरच जिल्हा बदल. मुलाने ‘जि.’मधल्या टिंबाच्या आधी एक उलटी तिरकी रेघ मारली. ती कशाला, असं मी विचारलं. तर म्हणे, नमुन्यात साधं टिंब म्हणजे ‘कुठलंही एक अक्षर’. ते कुणाच्याही जागी बसतं. उलटी रेघ पाठीशी लावली, की ते मुकाट्याने टिंबासारखं वागतं. मला वर्दी उतरवून भाजी घ्यायला आलेला हवालदार आठवला.

सर्व्हरचा पत्ता बदलतानाही असंच. जुन्या पत्त्याच्या शेवटी ५ होता, तो ६ करायचा. पण छापखान्याच्या यंत्राचा पत्ता ५० ने संपत होता, आणि ५० च्या पोटात ५ आहेच. ओळीच्या अंताची खूण म्हणून डॉलरचं चिन्ह लावलं, तेव्हा कुठे ५० वाचला. नाहीतर पासबुकं ६० नंबरच्या घरी जाऊन दार वाजवत बसली असती, आणि तिथे कोणी राहतच नाही.

दोन सेकंदांच्या कामाला दुपारचे तीन वाजले. हुकूम सुटला, ओळी सरसर गेल्या, प्रत बाजूला राहिली. मग मुलाने, न बदललेल्या पण शंकास्पद अशा ओळी ग्रेपने वेचून कागदावर छापून माझ्यापुढे ठेवल्या. मी लाल पेन काढलं. धुळेकर, तसेच. साक्री रोड, तसाच. धुळ्याच्या कार्यालयास, तसंच. साहेबांचा भत्ता वाचला. एकेकाला टिकमार्क करत आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत आलो. ती पत्रांच्या यादीतली होती. कुणीतरी फार जुन्या काळी जुन्या खातेवहीवरून जशीच्या तशी उतरवलेली. गाव शहादा तालुक्यातलं, आणि पुढे ‘जिल्हा पश्चिम खानदेश’.

“ह्याचं काय करू सर? हे तर धुळेपण नाही.”

“खातेदार हयात आहेत का बघ.”

त्याने बघितलं. “आहेत. दर महिन्याच्या पाच तारखेला पेन्शन घेतात. वय एक्याण्णव.”

“आज किती तारीख?”

“तीन.”

“मग ती ओळ राहू दे तशीच,” मी म्हटलं. “परवा येतील, तेव्हा त्यांनाच विचारू.”